फौजदाराची दाढी आणि चष्मेवाल्यांची

"सरडाच आहे ना? तू सहलीवरून परत येईपर्यंत खांद्यावर बसवून दाखवतो!"

चष्मेवाल्यांनी ही बढाई मारली ती बायकोच्या दहा वर्षांच्या लेकीसमोर. लग्न नुकतंच झालेलं. आई नव्या नवऱ्याला 'अहो' म्हणून मोकळी झाली होती, पण लेक काही 'काका'च्या पुढे सरकायला तयार नव्हती. आणि चष्मेवाल्यांचा जीव तर त्या पुढच्या शब्दासाठी नुसता टांगणीला लागला होता!

"फौजदार माणूस बरोब्बर ओळखतो," ती म्हणाली. "तो ज्याच्या हातावर बसतो, तोच आपला!"

फौजदार म्हणजे तिचा बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांब सरडा, गळ्याखाली पांढुरकी काटेरी दाढी. चिडला की ती दाढी फुगून काळी ठिक्कर पडायची.

निघताना पोरीनं बजावलं, "आधी हात धुवायचे. वरून झडप घालायची नाही, त्याला घार आल्यासारखं वाटतं. बाजूनं हात न्यायचा, पोटाखालून उचलायचं, चारही पाय टेकले पाहिजेत. आणि शेपटी अजिबात ओढायची नाही!"

"अगं, लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो मी! माझ्याइतका हलका हात कुणाचा असणार?"

ती गेली आणि चष्मेवाले कामाला लागले. हात धुतले. सवयीप्रमाणे चष्मा काढून लख्ख पुसला. मग काचेच्या पेटीचं दार सरकवून थेट तोंडच आत घातलं. "काय फौजदारसाहेब?"

साहेबांनी वर पाहिलं. दाढी काळी! जबडा उघडा! मान खालीवर! चष्मेवाले असे दचकले, की मागच्या कपड्यांच्या टोपलीत बसले.

"बसला का खांद्यावर?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"मी बसलोय!"

नजरेला नजर दिली की विश्वास बसतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चष्मा आणखी चकचकीत केला आणि आणखी जवळ गेले. फौजदार आणखी फुगला. पुढे तर त्यांची चाहूल लागताच तो भाजीच्या पानांवरून उठून जायला लागला.

"तुम्ही दुकानात गेलात की पोटभर खातो हो," बायको म्हणाली. चष्मेवाल्यांना ते फार लागलं. पोर उद्या येणार, आणि त्यांना पाहून तिचा लाडका ताटावरून उठणार!

शेवटी दुकानाशेजारच्या न्हाव्यानं निदान केलं. "साहेब, त्यालाही दाढी, तुम्हालाही दाढी. तो तुम्हाला दुसरा नर समजतोय!"

चष्मेवाल्यांना एकदम पटलं. कॉलेजापासून जपलेली दाढी खुर्चीखाली पडली, आणि आतून हनुवटी निघाली ती सोललेल्या बटाट्यासारखी.

बायकोनं दार उघडलं. "कोण हवंय आपल्याला?" मग ओळख पटली आणि चौकटीला धरून हसत सुटली. चष्मेवाल्यांनी तिकडे लक्ष न देता चष्मा पुसला आणि पेटीत डोकावले.

काळी ठिक्कर!

पोर परतली. दप्तर खांद्यावरच ठेवून बघत राहिली. "काका, दाढी कुठे गेली?"

"फौजदाराला आवडत नव्हती म्हणून काढली."

"सरड्यासाठी?"

"तुझ्यासाठी गं," चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

पोरीनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "दाखवा बरं, कसं उचलता ते."

त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, वाकले. फौजदार फुगला. पोरीनं मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचाळली, "अहो काका, तुमच्या काचांत दोन फौजदार दिसतायत! तो त्यांच्याशी भांडतोय! चष्म्याचं दुकान आहे ना तुमचं?"

तिनं चष्मा काढून घेतला. चष्मेवाल्यांसमोर सगळा धुरळा. त्यांनी चाचपडत बाजूनं हात नेला. बोटांना नखं टोचली. एक पाय, मग दुसरा, मग सगळं पोट तळहातावर आलं.

"बसला?"

"बसला! दाढीपण पांढरी आहे!"

"खरंच? मला काही म्हणजे काही दिसत नाहीये गं!" त्यांना जन्मभर असंच उभं राहावं असं वाटलं. तेवढ्यात तळहातावर काहीतरी ओलं लागलं.

"हे काय गं?"

"काही नाही, बाबा. दिसत नाहीये तेच बरंय!"