मूळ गाण्याला उत्तेजनार्थ

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळात तीन मुलांच्या पॉप ग्रुपचा सत्कार ठरला. कबीर, आन्या आणि नकुल यांनी एक जुनं अमेरिकन ‘सोल’ गाणं नव्या ठेक्यावर गायलं आणि ते देशभर गाजलं. काल-परवापर्यंत ‘आधी होमवर्क कर’ म्हणणारे पालक आता ‘आमच्याकडे गाणं रक्तातच आहे’ असं सांगू लागले.

अडचण एवढीच झाली की गाण्याची मूळ गायिका जिवंत निघाली. व्हर्नेलबाई आमच्या मंडळातल्या शैलजाच्या शेजारीच राहत होत्या. तरुणपणी त्यांनी ते गाणं रेकॉर्ड केलं, थोडे दिवस रेडिओवर वाजलं आणि कंपनी बुडाली. भरल्या हॉलसमोर ते गायचं राहूनच गेलं होतं. तेवढं एकदा जमेल का, असं त्यांनी शैलजाला विचारलं.

अध्यक्ष गुरुनाथकाकांनी आनंद व्यक्त केला आणि ऑडिशनचा नियम दाखवला. “एकासाठी नियम मोडला, शैलजा, की उद्या सगळ्यांच्या सासूबाई स्टेजवर.”

ऑडिशन मुलांच्या ट्रॅकवर झाली. शेवटच्या ओळीआधी व्हर्नेलबाई थांबल्या. गाण्यातल्या बाईला वाटतं, नवऱ्याची गाडी आली; ती कान देते; कोणी आलेलं नसतं. ट्रॅक मात्र थांबला नाही. मुलांनी ती जागा कापली होती. “इफ यू पॉझ, पीपल स्क्रोल, मिस व्हर्नेल,” आन्याने अदबीने खुलासा केला.

परीक्षक पद्मिनीकाकूंनी निकाल दिला, “आवाज गोड आहे हो, पण ओरिजिनलसारखं येत नाहीये.”

“काकू, ओरिजिनल त्यांचंच आहे,” शैलजा म्हणाली.

“असेल ना. पण पब्लिकला माहीत असलेलं ओरिजिनल वेगळं आहे. त्यांना म्हणावं, महिनाभर मुलांचं ऐका. पुढच्या वर्षी नक्की बसवू.”

तरीही मंडळाने मोठं मन दाखवलं. व्हर्नेलबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, शाल-श्रीफळ दिलं आणि ‘यांनीही हे गाणं गायलेलं आहे’ अशी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. नारळाचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी तो मांडीवर धरून ठेवला.

मुलं गाऊ लागली. सगळ्या हॉलने फोन उंचावले. व्हर्नेलबाई खुर्चीतूनच हळू आवाजात गाऊ लागल्या. शेवटच्या ओळीआधी त्या थांबल्या, कान दिला. हॉल तसाच पुढे निघून गेला.

त्यांच्या मागच्याच रांगेत पद्मिनीकाकू कळवळून कुजबुजल्या, “बिचाऱ्या. शब्द विसरल्या.”

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. तुम्ही गाणं शोधालही. सगळ्यात वर मुलांचंच येईल. ते ऐकाल, आवडेल, फॅमिली ग्रुपवर पाठवाल. व्हर्नेलबाईंचं थोडं खाली असेल. ते सवडीने ऐकायचं म्हणून ठेवाल. आणि चारचौघांत विषय निघालाच, तर मान हलवून म्हणाल, “छे, मूळ गाण्याची सर नाही.”