पलंगावर आत्या

गुरुवारी सकाळी दहाला सरकारी बाई घर बघायला येणार, असा फोन सोमवारी आला तेव्हा सेइनीच्या पलंगावर तिची आत्या झोपलेली होती. नऊ दिवस झोपलेली होती. म्हणजे मधूनमधून उठत असे, जेवत असे, चर्चच्या परिषदेला जाऊन येत असे. पण पलंग तिचा झाला होता.

सेइनी ऑकलंडमध्ये एका वृद्धाश्रमात काम करी. तिचा नवरा फेलेती हा टोंगातल्या वावाऊ बेटावरचा सुतार. लग्नानंतर तो तिच्यापाठोपाठ इथे आला, त्याला आता सात महिने झाले होते. राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. ती मिळायची तर हे लग्न खरं आहे, दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात, अशी सरकारची खात्री पटायला हवी होती. विमानतळाजवळच्या एका शीतगृहात ओळखीच्या माणसाने फेलेतीसाठी जागा धरून ठेवली होती, तीही फक्त पुढच्या बुधवारपर्यंत. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

घरातलं मोडलेलं सगळं फेलेतीने पहिल्या महिन्यात दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या महिन्यात न मोडलेलं दुरुस्त केलं. सध्या तो कुंपणाला तिसऱ्यांदा रंग देत होता. सेइनी कामावरून पाय ओढत घरी आली की तो रंगाच्या डब्यात बघत राही.

आमच्याकडे टोंगात बापाची बहीण म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं माणूस. लग्नात तिचा शब्द, मयतात तिचा शब्द. ती आली की उत्तम चटई तिची, उत्तम खुर्ची तिची आणि उत्तम पलंग तिचा. या घरात उत्तम म्हणावा असा पलंग एकच होता. म्हाताऱ्या माणसाला एकटं झोपवायचं नाही, म्हणून सेइनी तिच्या शेजारी. आणि फेलेतीची रवानगी गॅरेजमध्ये, सेइनीचा धाकटा भाऊ माका याच्या शेजारी. माका तिथे कायमचाच राही, कारण बहिणीच्या खोलीला लागून भावाने झोपणं आमच्यात बसत नाही.

"आत्याला सांग ना, गुरुवारी तासभर बाहेर बस म्हणावं," फेलेती म्हणाला.

"मी सांगू?" सेइनी म्हणाली. "तू सांग."

"मी जावई."

"मग मी भाची. माझी तर पायरी तुझ्याहून खालची."

"माका?"

माका कपात बघत म्हणाला, "दाजी, मी गॅरेजमध्ये सुखी आहे."

शेवटी असं ठरलं की सांगायचंच नाही. पाद्रीबाईंना गाठायचं आणि त्यांच्याकरवी आत्याला गुरुवारी सकाळी चहाला बोलवायचं. पाद्रीबाईंनी आनंदाने निरोप पाठवला. अकोसिता आत्याने तो डोळे मिटून ऐकला.

"माझे गुडघे ठणकतायत," ती म्हणाली. "त्यांनाच म्हणावं इकडे या. गाणाऱ्या बायकांनाही आणा. बरेच दिवस चांगलं गाणं ऐकलं नाही."

म्हणजे आता गुरुवारी दहा वाजता पलंगावर आत्या आणि बैठकीच्या खोलीत चर्चच्या नऊ गाणाऱ्या बायका.

सेइनीने हार मानली नाही. बुधवारी संध्याकाळी आत्या आंघोळीला गेली तेवढ्यात तिने फेलेतीचे सगळे कपडे गॅरेजमधून आणून खोलीत टांगले. त्याचे अकरा नंबरचे बूट पलंगाखाली, दाढीचं सामान खिडकीत, सुतारकामाची पेटी कोपऱ्यात. लग्नाचा फोटो उशाशी होताच. खोली बघून कुणीही म्हटलं असतं की इथे एक पुरुष राहतो, आणि बराच पसारा करून राहतो.

गुरुवारी पहाटे पाचला ती नेहमीसारखी कामावर गेली आणि सुट्टी टाकून साडेनऊला परत आली. खोली आरशासारखी लख्ख होती. बूट नव्हते, पेटी नव्हती, एक शर्ट नव्हता.

"आत्या, इथलं सामान?"

"गड्यांच्या वस्तू तुमच्या खोलीत कुणीतरी टाकून गेलं होतं," आत्या म्हणाली. "पाहुणे येणार आणि पलंगाखाली जोडे. मी माकाला सगळं गॅरेजमध्ये नीट लावायला सांगितलं. छान लावलंय त्याने. माझ्या डोळ्यांदेखत लावून घेतलं."

"आणि फोटो?"

फोटो जागेवर होता. फक्त त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"जावई उशाशी उभा राहून बघत असला की मला झोप येत नाही," आत्या म्हणाली आणि पाय वर घेऊन पुन्हा आडवी झाली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मिसेस हॅलिडे पन्नाशीच्या, सपाट बुटांच्या, शांत बाई होत्या. हातात फाइल होती आणि पेन कानावर नव्हे तर हातात तयार होतं. फेलेतीने त्यांच्या मानाखातर कमरेला चटई गुंडाळली होती, ती आजोबांची होती आणि ताठ होती, त्यामुळे त्याला बसता येत नव्हतं. तो उभाच राहिला. बैठकीत आधीच येऊन बसलेल्या नऊ बायकांचं गाणं चालू होतं. ते सात कडव्यांचं होतं आणि मध्येच थांबवायची पद्धत नव्हती. मिसेस हॅलिडे पाचव्या कडव्याला घड्याळाकडे बघू लागल्या. गाणं संपताच त्यांच्यापुढे अळूच्या पानात गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, भाजलेला कंद आणि केक असं ताट आलं.

"मी कामावर आहे, मला काही घेता येत नाही," त्या म्हणाल्या.

नऊ बायकांचे चेहरे पडले. मिसेस हॅलिडेंनी त्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि ताट घेतलं.

"थोडेच प्रश्न आहेत," अर्धा कंद झाल्यावर त्या म्हणाल्या. "पहिला सोपा. तुम्ही दोघं झोपता कुठे?"

माका दाराशी उभा होता. प्रश्न अर्धा ऐकूनच तो वळला आणि बाहेर पडला. बहिणीच्या संसाराच्या या गोष्टी भावाच्या कानावर पडायच्या नसतात. त्याच्या मागोमाग तोंडाला पदरासारखा रुमाल लावून तीन बायकाही स्वयंपाकघरात गेल्या, कारण त्या नात्याने त्याच्या बहिणीच लागत होत्या आणि त्यांना त्याची अडचण समजत होती.

मिसेस हॅलिडेंनी लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही, पण बरंच लिहिलं.

"खोलीत," फेलेती म्हणाला.

"बघू या?"

"आधी केक घ्या," सेइनी म्हणाली.

बाहेर पडलेला माका गॅरेजचं दार उघडंच टाकून आत बसला होता. मिसेस हॅलिडेंना ते खिडकीतून दिसलं. त्या केक हातात घेऊन तिकडेच गेल्या. दोन गाद्या शेजारी शेजारी. एका गादीच्या उशाशी अकरा नंबरचे बूट, दाढीचं सामान, सुतारकामाची पेटी आणि दोरीवर ओळीने टांगलेले शर्ट. आत्याच्या देखरेखीखाली लावलेलं असल्याने एकाही शर्टाला चुणी नव्हती.

"हे कुणाचं?"

माका खोटं बोलत नसे. "दाजींचं."

"केव्हापासून आहे हे इथे?"

"आजपासून," माका म्हणाला. मग त्याला वाटलं की हे खरं असलं तरी पुरेसं खरं नाही. "म्हणजे शर्ट आजपासून. दाजी बारा दिवसांपासून."

मिसेस हॅलिडेंनी पान उलटलं.

खोलीत आत्या उशीला टेकून बसली होती. मिसेस हॅलिडेंनी पलंग बघितला, पलंगावरच्या दोन उशा बघितल्या, भिंतीकडे तोंड केलेला फोटो उचलून सुलटा करून बघितला आणि पुन्हा होता तसा ठेवला.

"या बाई कोण?"

"माझी आत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मी विचारते त्यांना," सेइनी घाईने म्हणाली.

"तुम्ही नाही. तुमचे पतीही नाहीत. तिसरं कुणीतरी हवं."

तिसरं कुणीतरी म्हणजे माका. त्याला दंडाला धरून आणावं लागलं. बहिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर तो थांबला तो थांबलाच, आणि त्याने आपले डोळे छताला लावले.

"त्यांना विचारा," मिसेस हॅलिडे म्हणाल्या, "ही दोघं या पलंगावर एकत्र झोपतात का."

माकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो टोंगन भाषेत म्हणाला, "आत्या, बाई विचारतायत तुम्ही जेवलात का."

"नाही, अजून नाही," आत्या म्हणाली.

"नाही, अजून नाही," माकाने इंग्रजीत सांगितलं.

मिसेस हॅलिडेंच्या भुवया वर गेल्या. "अजून नाही? लग्नाला वर्ष झालंय. मग कधी, असं विचारा."

"कधी जेवणार, विचारतायत."

"ही गेल्यावर," आत्या म्हणाली. "तिच्यासमोर कसं."

माकाने प्रामाणिकपणे तेवढं इंग्रजीत सांगितलं. फेलेती दाराच्या चौकटीला धरून उभा होता. ती चौकट त्यानेच तिसऱ्या महिन्यात बसवली होती. त्याला शीतगृहातली जागा डोळ्यांदेखत दुसऱ्याला जाताना दिसत होती. सेइनीने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती, आणि रडणाऱ्या बाईचं उत्तर सरकार काय लिहील ते तिला माहीत नव्हतं.

मिसेस हॅलिडेंनी पेनला टोपण लावलं.

"बाई, बसा," आत्या इंग्रजीत म्हणाली.

माकाने छतावरचे डोळे खाली आणले.

"हा पोरगा तुमचं मला सांगत नाही, मी आपली जेवणाचं सांगत होते. चुकतोय असं नाही. त्याची बहीण आहे, तो कसं बोलणार. जा रे माका, बाहेर जाऊन बस."

माका इतक्या वेगाने गेला की दारातली चटई दुमडली.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" मिसेस हॅलिडे म्हणाल्या.

"मी याच शहरात गालिच्यांच्या गिरणीत नऊ वर्षं काम केलंय. तेव्हा तुमची माणसं राहण्याच्या परवान्याचे कागद बघायला पहाटे यायची, दार बडवत. तुम्ही निदान उजेडी आलात, आणि जेवलात. लिहा आता."

मिसेस हॅलिडेंनी टोपण काढलं.

"पलंग माझा. या पोरांनी दिला, मी घेतला. पद्धत आहे. त्यामुळे मला रोज पहाटे साडेचारला जाग येते. का, विचारा."

"का?"

"दार उघडलं तर मी जागी होईन, म्हणून हा माणूस बाहेरून खिडकीपाशी येतो. थंडीत. हातात चहा आणि पाव. ही इथून खिडकीत वाकते. आणि मग दोघं कुजबुजतात. मी घोरल्याचं सोंग करते. या वयात सोंग करणं सोपं नाही, घसा दुखतो."

सेइनी आता फोटोसारखी भिंतीकडे बघू लागली.

"काय बोलतात?" मिसेस हॅलिडेंनी विचारलं.

"तो म्हणतो, आज कागद येईल. ती म्हणते, येईल. तो म्हणतो, तू एकटी राबतेस. ती म्हणते, गप्प बस आणि मोजे घाल. मग मोज्यांवरून तिचं सुरू होतं. ओले मोजे, भोकाचे मोजे, काल दोन रंगांचे होते. पाच मिनिटं मोजे." आत्याने उशी नीट केली. "बाई, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"मग तुम्हीच सांगा. नवरा नसलेल्या पुरुषाच्या मोज्यांवर कोण बाई पहाटे साडेचारला एवढी चिडेल?"

मिसेस हॅलिडे हसल्या नाहीत. त्यांनी "मोजे" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग त्या फेलेतीच्या पायांकडे वळल्या. कमरेच्या चटईखाली एक मोजा काळा होता, एक निळा.

"असे सामान हलवण्याचे उद्योग करायचे नव्हते," जाताना त्या सेइनीला म्हणाल्या. "आत्या आलीय म्हणून सांगितलं असतं तर चाललं असतं."

"असं कसं सांगणार," सेइनी म्हणाली. "आत्याची तक्रार केल्यासारखं दिसलं असतं."

मंगळवारी कागद आला. काम करायची परवानगी, त्याच दिवसापासून. फेलेतीने तो तीनदा वाचला, मग सेइनीला वाचायला लावला, मग आत्याला इंग्रजीत वाचून दाखवला. आत्या म्हणाली, माझं ऐकून उच्चार सुधारलास तर बरं होईल. बुधवारी तो शीतगृहात हजर झाला. शनिवारी परिषद आटोपली आणि आत्या चार चटया ठेवून, दोन पेट्या घेऊन वावाऊला परत गेली. पलंग मोकळा झाला. फेलेतीने गॅरेजमधून शर्ट आणले. लग्नाचा फोटो सुलटा झाला.

शीतगृहातली जागा रात्रपाळीची होती. हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सेइनी पहाटे पाचला निघे, फेलेती साडेपाचला येई. ती संध्याकाळी पाचला परते, तो साडेचारची बस पकडे. महिन्याभराने मिसेस हॅलिडेंचा फोन आला. फाइल बंद करण्याआधी एकदा विचारून घ्यायचं होतं, एवढंच.

"सगळं ठीक? दोघं त्याच पत्त्यावर?"

"हो," सेइनी म्हणाली. ती वृद्धाश्रमाच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसली होती.

"त्याच खोलीत?"

"त्याच खोलीत. त्याच पलंगावर."

"छान," मिसेस हॅलिडे म्हणाल्या, आणि त्यांच्या पेनचा आवाज फोनमध्येही ऐकू आला.

सेइनीने काहीच खोटं सांगितलं नव्हतं. पलंगावर आता आत्या नव्हती. रात्री ती झोपे, दिवसा तो, आणि दोघांपैकी कुणीही आलं तरी उशी अजून कोमट असे.