डबल बेल

आमच्या मजल्यावरचे चुरीकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारतात. त्यासाठी टेबल भिंतीपासून दीड फूट पुढे ओढलेलं आहे. टेबलाच्या चारही पायांना चपलेच्या टोकाने हलकी लाथ मारून ते हवा तपासतात, स्क्रीनची काच फडक्याने पुसतात आणि मगच खुर्चीत चढतात. 'बसतात' म्हटलेलं त्यांना चालत नाही. गाडीत माणूस चढतो.

गाडी म्हणजे रेसची गाडी, पण पडद्यावरची. काकांची पुतणी केतकी पुण्याला नोकरी करते. तिने हौसेने एक टीम काढली आणि ऑनलाइन स्पर्धेत नाव घातलं. टीमची ही पहिलीच गाडी. चालवायला माणूस हवा होता, आणि काकांनी बत्तीस वर्षं विरार ते आगाशी लाल बस चालवली होती, एकही अपघात न करता. केतकीने स्टिअरिंग आणि पेडल कुरिअरने पाठवून दिली. अपघात का झाला नाही, ते तिला पहिल्या सरावात कळलं. काका चाळीसच्या वर जातच नव्हते. ती "ओव्हरटेक करा ना" म्हणाली की ते म्हणायचे, "पॅसेंजर आहेत मागे." त्यांचं हे सगळ्यावरचं उत्तर. काकूंनी भाजी लवकर आणायला सांगितली तरी हेच.

गाडीला केतकीने काळा रंग ठरवला होता. काकांनी लाल करून घेतला, वर पिवळा पट्टा. पुढे 'विरार–आगाशी' अशी पाटी. दाराखाली दोन नावं: चालक र. ना. चुरी, वाहक बस्त्याव लोपीस.

"काका, या गाडीत एकच सीट असते."

"मग बस्त्याव उभा राहील. बावीस वर्षं माझ्या गाडीत उभाच होता."

मला या प्रकारात रस नव्हता. मी विम्याच्या कचेरीत आहे, अपघात फक्त कागदावर बघतो. पण रविवारी दुपारी काकूंचा चहा असतो, त्यामुळे तिन्ही रेसना मी हजर होतो.

पहिल्या रेसला पाच लाल दिवे पेटले. ते विझले की सुटायचं, असा नियम. दिवे विझले आणि स्पीकरमधून केतकी ओरडली, "काका, लाईट गेली, लाईट गेली." काका शांतपणे उठले, गॅलरीत गेले, समोरच्या बिल्डिंगमध्येही गेली आहे का ते बघून परत आले. तोवर बाकीच्या गाड्या दुसऱ्या फेरीत होत्या.

"विरारमध्ये असं ओरडू नये," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं की लाईटवर गाडी सोडणं त्यांना जमणार नाही, डबल बेल पाहिजे. बसमध्ये कंडक्टरने एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते, दोनदा वाजवली की सुटते. दुसऱ्या कशावरही सुटत नाही.

दुसऱ्या रेसला त्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून स्टीलच्या वाटीत ठेवला. दिवे विझताच वाटीतून टण टण आलं आणि काका निघाले. मला वाटलं, रेकॉर्डिंग असेल. तिसऱ्या वळणावर कोणीतरी मागून धडकलं. काकांनी गाडी रस्त्यातच उभी केली.

"काका, चला ना, काही नाही झालं."

"पंचनामा होईपर्यंत गाडी हलवायची नाय."

"मागून गाड्या येतायत, काका!"

"हात दाखवतोय ना मी." खरंच दाखवत होते, खिडकीच्या पडद्याला.

आता तिसरी रेस पुरी झाली नाही तर टीमचं नाव कटणार होतं. केतकीने मला फोन केला. "तुम्ही तरी सांगा ना त्यांना. आमची पहिली गाडी आहे हो ती." मी काकांना म्हटलं, या वेळी घंटीबिंटी सोडा, दिवे विझले की निघा. तेव्हा त्यांनी मला आगाशीची गोष्ट सांगितली. स्टँडवर बस्त्याव चहाला उतरला होता. शेजारच्या देवळात कोणीतरी दोनदा घंटा वाजवली आणि काकांनी गाडी सोडली, ती थेट विरारला. पॅसेंजर गप्प, कारण तिकिटं निघायची होती.

"बस्त्याव मागून रिक्षाने आला. रागावला नाय. पण वर्षभर सांगत फिरला, चुरी देवाच्या घंटीवर गाडी चालवतो म्हणून." काका हसले नाहीत. "तेव्हापासून त्याच्या हातची घंटी मी ओळखतो."

तिसऱ्या रेसला दिवे विझले. सगळ्या गाड्या सुटल्या. वाटीतून आवाज नाही.

"काका, निघा ना, प्लीज," केतकी म्हणाली. काकांचा पाय ब्रेकवर.

मग वाटीतून एका बाईचा आवाज आला. "चुरीकाका, सिल्विया बोलते. पप्पांचा हात आज उचलत नाय हो. मी वाजवू काय?"

मला तेव्हा कळलं, ते रेकॉर्डिंग नव्हतं; घंटी बस्त्याव स्वतः वाजवत होता. गेल्या वर्षी बस्त्यावचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. एक हात काय तो हलायचा. पलंगाला घंटी काकांनीच बांधून दिली होती.

"तू नको, पोरी. त्यालाच वाजवू दे." मग वाटीकडे वाकून म्हणाले, "बस्त्याव, सावकाश. पॅसेंजर थांबतील."

पुष्कळ वेळाने टण झालं. एकदाच.

"सिंगल आली," मी म्हणालो. "म्हणजे थांबा."

"अजून आहे," काका म्हणाले.

पुढच्या गाड्या एक फेरी मारून आमच्या शेजारून गेल्या. मग दुसरं टण आलं, पहिल्यापेक्षा बारीक.

"डबल," काका म्हणाले आणि गाडी सुटली.

आम्ही सगळ्यात शेवटी आलो, पण आलो. नाव कटलं नाही. केतकी रडत रडत हसत होती. काका मात्र खुर्चीतून उतरेनात. रेषा ओलांडून गाडी हळूहळू पुढे चालली होती.

"संपली रेस, काका. बंद करा आता."

"सिंगल कुठे झाली अजून?"

वाटीतून नुसता पलंग करकरल्याचा आवाज येत होता. मला त्या दोघांचा हेवा वाटला; बावीस वर्षांत माझ्या कचेरीत माझ्यासाठी कोणी पाच मिनिटं थांबलेलं नाही. खरं तर मला निघायचं होतं. पण गाडी उभी राहिल्याशिवाय उतरायचं नसतं. मी बसून राहिलो.