बेरीज न येणारा नवरदेव

मुलगी पाहायला आलेल्या इंद्रभानला चहाच्या आधीच बेरजेची परीक्षा द्यावी लागली, आणि त्यात तो नापास झाला.

तशी सुरुवात बरी झाली होती. अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा. अनसिंगहून एसटीने बापलेक रिसोडला दौलतराव मास्तरांच्या घरी आले, जयभीम झाला, पाणी झालं. वच्छलाला इंद्रभानने एका लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मुंबईत त्याला गावच्या भाकरीपेक्षा तिचीच जास्त आठवण येत होती. बाहेरच्या खोलीत पुरुष, आत बायका, आणि मधल्या दारात वच्छलाचे मामा शालिग्राम. बाहेर काय बोलणं झालं ते आत जाऊन सांगायचं, हे या घरात मामांचं काम. वच्छला चहा घेऊन येईल तेव्हाच दिसणार होती. त्यामुळे इंद्रभानचे डोळे मास्तरांकडे होते आणि सारा जीव त्या दारात अडकला होता.

एसटीत बापाने, देवमनने, बजावलं होतं, "कामाचं इचारलं तं सरकारी नोकरी म्हन अन् चूप बस." पण ज्याला खरं बोलण्याची खोड आहे, त्याला चूप कोण बसवणार?

"तुमी मुंबईले नेमकं करता काय?" मास्तरांनी विचारलं.

"चुका शोधतो, सर."

"कोनाच्या?"

"चुका शोधनाऱ्याच्या."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. इंद्रभानला घाम फुटला आणि तो समजावून सांगायला लागला. तिथेच घात झाला. मुंबईला खोलीभर कॉम्प्युटर आहे. त्याला काम लिहून द्यायचं, त्याला प्रोग्राम म्हणतात. लिहिण्यात चूक राहिली तर ती हुडकायला दुसरा प्रोग्राम असतो, तो डिबगर. तो काम मधेच थांबवतो आणि विचारलं त्याचं उत्तर काढून दाखवतो. आणि डिबगर नीट दाखवतो का, हे तपासणारा इंद्रभान.

"आता नवीन असं निंगालं, सर, का अधिकच्या चिन्हानं काय करायचं थे आपनच ठरवू शकतो. मी तासामिनिटाचं ठरवलं. एक तास पन्नास मिनिटं अधिक वीस मिनिटं. प्रोग्राम दोन तास दहा मिनिटं सांगते. पन डिबगरले इचारलं तं म्हंते, एक तास सत्तर मिनिटं. महिना झाला, चूक सापडून नाई राह्यली."

मास्तरांनी सारी हयात पोरांना बेरीज शिकवली होती, काहींना छडीने. "अधिकनं काय करायचं हे तुमी ठरवता?"

"हो जी."

"मंग दोन अधिक दोन किती?"

इथे कोणताही शहाणा माणूस चार म्हणून मोकळा झाला असता. "दोन काय, त्याच्यावर हाये," इंद्रभान म्हणाला.

देवमनने डोळे मिटले. मामा आत गेले.

"पोरगं देखनं हाये," आतून मामांचा आवाज आला. मामांना हळू बोलता येत नसे. "पन त्याले दोन अन् दोन सांगता येऊन नाई राह्यलं."

"मशीनीपाशी बसू बसू डोक्यात गरमी गेली असन," वच्छलाची आई लिलाबाई म्हणाली. "चहा देऊ नोका त्याले. ताक द्या."

ताक मामांनीच आणलं. इंद्रभानने आशेने पेल्याच्या मागे पाहिलं, तर तिथे फक्त मामांच्या मिशा होत्या.

"चहा गेला म्हंजे पोरगी गेली," देवमन कानात कुजबुजला. "आता तरी चार म्हन."

"चार, सर," इंद्रभान म्हणाला.

"येत होतं तं आंधी काहून नाई सांगतलं?" मास्तरांचा संशय उलट वाढला. ढ पोरगा त्यांना चालत असे. उत्तर येत असून न सांगणारा पोरगा त्यांना मुळीच चालत नसे.

इंद्रभान रडकुंडीला आला. "सर, असं समजा. वरन अधिक भात. एक वाटी वरन, एक वाटी भात. याचं उत्तर दोन नाई येत. कालवल्यावर जेवन होते. तिथं अधिक म्हंजे कालवनं."

मास्तर पहिल्यांदाच विचारात पडले. पण मामा तोवर आत पोचले होते.

"आता वरनभात मांगून राह्यला."

"उपाशी हाये बिचारा," लिलाबाई हळहळली, आणि वरणभाताचं ताट बाहेर आलं. जेवणावर लगेच चहा कोण देतो? वच्छला आणखी लांब गेली.

इंद्रभान मान खाली घालून भात कालवू लागला. मामांचं करावं तरी काय? शब्द तर ते बरोबर उचलतात. पण त्यातून आपल्याला काय म्हणायचंय हे आपल्याला विचारतच नाहीत. आत जाऊन आपल्या मनाचा हिशेब मांडतात. त्याचा हात थांबला. डिबगरही आकडे बरोबर उचलतो, पण प्रोग्रामने ठरवलेलं अधिक विचारतच नाही. आपलंच वापरतो, म्हणून पन्नास आणि वीस सत्तर.

"सापडली," म्हणत तो भाताच्या हाताने उभा राहिला.

"काय सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"चूक. शालिग्राममामात हाये थे."

या वेळी मामा आत गेले नाहीत, कारण आता बातमी त्यांचीच होती. देवमन उठून चपला शोधू लागला.

तेवढ्यात चहा आला. कपबश्या वच्छलाच्या हातात होत्या.

"तुले कोनं बलावलं?" मास्तर म्हणाले.

"कोनंच नाई. मामा, मले पाहाले आलेला कामरगावचा पाव्हना दोनदा पानी पेला, तं तुमी आत येऊन सांगतलं का त्याले साखरेचा आजार हाये. त्याच्या आंधीचा लाजून बोलला नाई, तं तुमी त्याले मुका केलं. मी आयकू आयकू थकली. ही चूक पयल्यांदा यायनं पकडली."

"तुले यायचं थे अधिक समजलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाई जी," वच्छला म्हणाली आणि पहिला कप इंद्रभानपुढे धरला. त्याने तो भाताच्याच हाताने घेतला.

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं, भाताच्या ताटाकडे पाहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. "शालिग्राम," ते शेवटी म्हणाले, "आत जाऊन सांग, पोरगं आपल्याले पसंत हाये."

मामा उठले, तसा इंद्रभानच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "थांबा मामा, मीच सांगतो," म्हणत तो कपासकट थेट स्वयंपाकघरात शिरला. मुलगी पाहायला आलेला कोणताही पाहुणा आजवर तिथे गेला नव्हता.

चुलीपाशी उभं राहून त्याने कॉम्प्युटर सांगितला, डिबगर सांगितला, अधिकचं चिन्ह सांगितलं, आणि होकारही सांगितला. लिलाबाईने सारं मन लावून ऐकलं.

"हो बापा, हो," म्हणत तिने जावयाला पाटावर बसवलं आणि त्याच्या टाळूवर पळीभर तेल थापलं.