ॲम्प्लिफायरची दाढ

"अहो, हा मुका झालाय!" बायकोची हाक ऐकून दंतवैद्य दवाखाना तसाच टाकून वर घरात धावला. तिच्या गळ्यात गिटार, कपाळावर घाम आणि समोर ॲम्प्लिफायर ढिम्म. दिवा लागत होता, पण आवाजाच्या नावाने शून्य. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात तिचा आयुष्यातला पहिला कार्यक्रम होता. पन्नाशीत गिटार हाती धरली म्हणून नातेवाइकांनी तिला यथेच्छ हसून घेतलं होतं, आणि आज तीच मंडळी पहिल्या रांगेत बसणार होती.

तिच्याच वाद्यवृंदात ड्रम वाजवणारा तिचा भाऊ आला. त्याने वायर बदलली, फ्यूज बदलला, होती नव्हती तेवढी बटणं पार शेवटपर्यंत पिळली. काही उपयोग नाही.

"ताई, नाहीच जमलं तर तू आज टाळ्या वाजव."

"तुझ्या डोक्यावर वाजवते!"

दंतवैद्याला चेव चढला. "उचला याला! खाली माझ्या खुर्चीवर घ्या!"

ॲम्प्लिफायर पेशंटच्या खुर्चीत आडवा झाला. वरचा झगझगीत दिवा लागला. दंतवैद्य छोटा आरसा घेऊन एकेक भोक तपासत मागच्या बाजूला आला आणि हरखलाच. "वा! हे भरलंय कुणी? काय सफाई आहे! केसाएवढी फट नाही!"

"भावोजी, ते हेडफोनचं भोक! त्यात काही घुसलं की स्पीकर बंद होतो. कुंभारीण माशीने घर केलं असणार," म्हणत मेहुणा गाडी काढायला पळाला.

दंतवैद्याला एकदम काहीतरी आठवलं आणि त्याने आरसा हळूच खिशात सारला. बायकोचा कार्यक्रम म्हणून कालच त्याने मोठ्या हौसेने ॲम्प्लिफायर पुसायला घेतला होता. मागे एक रिकामी पोकळी दिसली. आता पोकळी दिसल्यावर त्याचा हात राहतोय थोडाच! कीड लागण्याआधीच त्याने ती साफ करून दातांच्या सिमेंटने भरून टाकली होती.

बायको त्याच्या लालबुंद कानांकडे बघत म्हणाली, "माशी इतकं गुळगुळीत काम करते?"

"कोरून काढतो," तो पुटपुटला.

मशीन घरघरलं, सिमेंटचा शेवटचा तुकडा उडाला. वायर जोडून बायकोने तार छेडली मात्र, ॲम्प्लिफायरने अशी डरकाळी फोडली की बाहेर ताटकळलेला पेशंट दुखऱ्या दाढेसकट पसार झाला. "आला! आवाज आला!" बायकोने आनंदाने गिटारसकट नवऱ्याला मिठी मारली.

संध्याकाळी ती अशी काही वाजवून गेली की पहिली रांग उभी राहिली. मग मेहुण्याने माइक घेतला. "आज ताईची गिटार ऐकू आली ती आमच्या भावोजींमुळे!"

टाळ्यांच्या कडकडाटात दंतवैद्याला स्टेजवर ओढलं गेलं. बिचारा सरळ माणूस, त्याला राहवेना. "खरं सांगायचं तर ते भोक मीच..."

बायकोने सगळ्या तारा एकदम झणकारल्या. पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं, तिने पुन्हा झणकारल्या. शेवटी त्याने गुपचूप मान खाली घातली.

पहिल्या रांगेतली त्याची आत्या गहिवरून शेजारणीला म्हणाली, "बघ गं, कौतुक केलं तर कसा लाजतोय!"