पारोसला जेवायचं कुठं?

"पारोसला जेवायला कुठं जायचं ते नीट सांगून ठेवा हं. आम्ही ऑगस्टची तिकिटं काढली!" उदय म्हणाला आणि चंद्रहास लिमयांना चहाचा जोरदार ठसका लागला.

गुरुवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे उदय आणि त्याची बायको शामला लिमयांच्या कुवेतमधल्या, फहाहीलच्या फ्लॅटवर ऐसपैस बसले होते. उदय मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत लिमयांच्याच विभागात होता. लिमये पतिपत्नी नुकतेच ग्रीसच्या पारोस बेटावर आठवडाभर राहून आले होते आणि अठ्ठ्याण्णव साली फहाहीलच्या मराठी मंडळींत ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती.

ठसका लागायचं कारण फक्त घरातल्या दोघांना ठाऊक होतं. आठवडाभरात लिमयांनी पारोसच्या एकाही हॉटेलची पायरी चढली नव्हती. त्यांचं पोट नाजूक आणि त्याबद्दलची काळजी दणकट. म्हणून बॅगेत छोटा इलेक्ट्रिक कुकर, आंबेमोहोर, मूगडाळ, भाजणी आणि मेतकुटाचा डबा गेला होता. "आणलंय ते आधी संपू दे, मग बाहेरचं बघू," हा लिमयांचा नियम होता आणि मेतकूट काही संपता संपलं नाही. रोज दुपारी खोलीच्या बाल्कनीत बसून दोघं गुरगुट्या भात खायची, मग लिमये वामकुक्षीला आडवे व्हायचे ते थेट चहालाच उठायचे. खाली कोपऱ्यावर निळ्या खुर्च्यांची एक खानावळ होती. दारात दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले असायचे आणि एक म्हातारी मोठं मातीचं भांडं घेऊन टेबलाटेबलांतून फिरायची. त्या भांड्यात काय असेल, या विचारानं लिमयांचा घास हातातच राहायचा. पण नियम म्हणजे नियम.

आता हे सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती. आदल्याच वर्षी उदय इस्तंबूलला भाजणी घेऊन गेला होता आणि कोजागरीला साऱ्या मंडळासमोर लिमयांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. "तुर्कस्तानात जाऊन थालीपीठ? अरे, मग फहाहीलनं काय घोडं मारलं होतं?" हे त्यांचं वाक्य मंडळात अजून फिरत होतं. ते आता स्वतःवर उलटलं असतं, तर कुवेतभर तोंड लपवत फिरावं लागलं असतं.

"तसं बरंच आहे तिकडे," लिमये घसा साफ करत म्हणाले. "पण ते कोपऱ्यावरचं, निळ्या खुर्च्यांचं... तिथं जाच."

"शाकाहारी काय मिळतं?" शामलानं विचारलं.

लिमये स्वयंपाकघराकडे आशेनं बघू लागले. शंकरपाळ्यांची बशी घेऊन चारुशीला बाहेर आली.

"हरभरे," ती शांतपणे म्हणाली. "मातीच्या भांड्यात घालून रात्रभर भट्टीत ठेवतात. वरून लिंबू पिळायचं. आणि तीळ लावून तळलेलं चीज मिळतं, त्यावर मध घालतात."

"मध? चीजवर?"

"मलाही पहिल्यांदा विचित्रच वाटलं. आजींचं नाव मारिया. आग्रह फार करतात. पोट भरलं म्हटलं तर रागावतात, म्हणून थोडी जागा ठेवूनच खायचं."

लिमये थक्क झाले. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला एक धड थाप मारता आली नव्हती, आणि आज ही म्हातारीचं बारसंसुद्धा करून मोकळी झाली! पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे सगळं कुठून काढलंस गं?"

"सुचलं," चारुशीला कप विसळत म्हणाली.

तिला पुढंही सुचतच गेलं. पारोसची कीर्ती मंडळात पसरली आणि फोन येऊ लागले. सकाळी पालक भरलेली खुसखुशीत पाई कुठं खावी, बंदरावरच्या कुठल्या हॉटेलात नुसतीच ऐट आहे, सगळं ती सांगायची. ऐकून ऐकून लिमयांनाही चेव आला. "हरभरे असे जिभेवर विरघळतात!" असं ते कंपनीच्या मिरकाबमधल्या मुख्य ऑफिसातल्या लोकांनाही डोळे मिटून सांगू लागले.

जुलै संपत आला तशी मात्र त्यांची झोप उडाली. तिथं हरभरेबिरभरे नसले तर? म्हातारीचं नाव भलतंच निघालं तर? त्यांनी उदयला गाठलं.

"ऑगस्टात तिकडे वारा फार असतो रे. बोटी बंद पडतात."

"मग निवांत जेवू की! निळ्या खुर्च्यांवर बसून!"

"उन्हाळ्यात हरभरे बाधतात म्हणे."

"चंद्रहासराव, तुम्ही जितकं अडवताय तितकी मला उत्सुकता वाटतेय," उदय म्हणाला आणि गेला.

तो परत आला तेव्हा फोटो बघायला मंडळातली चार कुटुंबं लिमयांकडेच जमली. लिमये दाराजवळच्या खुर्चीत बसले, म्हणजे वेळ पडली तर दही आणायला बाहेर पडता आलं असतं.

"अगदी चारुताईंनी सांगितलं तस्संच!" शामलानं बसल्या बसल्या जाहीर केलं. "हरभरे, मधाचं चीज, मारियाआजी, सगळं!"

लिमयांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच डोक्यात किडा वळवळला. सगळंच खरं? थाप इतकी तंतोतंत खरी निघते कशी?

"आणि आजींनी चारुताईंसाठी हे दिलंय," शामलानं सुकवलेल्या पाल्याची पुडी पुढं केली. "डोंगरातला चहा. चारुताईंचा फोटो दाखवल्यावर रडायलाच लागल्या हो! म्हणाल्या, रोज दुपारी यायची, माझ्याबरोबर शेंगा सोलत बसायची. मोडक्या इंग्रजीत सारखं विचारत होत्या, तिचा आजारी नवरा वाचला का?"



"आजारी?" कुणीतरी विचारलं.

"हो ना! वरच्या खोलीत पडून असायचा म्हणे बिचारा, खाली उतरवायचंच नाही. नुसत्या पेजेवर होता. त्यांनी चर्चमध्ये मेणबत्तीसुद्धा लावली होती."

सगळ्यांचे डोळे लिमयांकडे वळले. लिमये चारुशीलेकडे बघत होते आणि चारुशीला त्या पुडीचा वास घेत होती.

"पण मग," उदयनं सावकाश विचारलं, "ते जिभेवर विरघळणारे हरभरे तुम्ही खाल्लेत कधी?"

लिमयांच्या डोळ्यांपुढं येती कोजागरी उभी राहिली.

"मी वर डब्यातून चवीपुरते न्यायची ना," चारुशीला म्हणाली. "बरं नव्हतं यांना. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही आम्ही."

मग काय! सगळ्यांनी लिमयांच्या तब्येतीची चौकशी केली, कुणी हिंग सुचवला, कुणी डॉक्टर. लिमयांनी कण्हत कण्हत सगळे सल्ले ऐकून घेतले. पाहुणे गेले आणि दार लागलं, तसे ते चारुशीलेसमोर येऊन उभे राहिले. रागवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण आवाज भलताच केविलवाणा निघाला.

"खरंच एवढे चांगले असतात का गं ते हरभरे?"

"फार."

"मग मला एकदा तरी उठवायचंस!"

"पहिल्याच दिवशी उठवलं होतं," चारुशीला म्हणाली. "कूस बदलून म्हणालात, आधी मेतकूट संपव."