हराळीचा चौकोनी खून

सर्जेराव स्वतःची ओळख करून देताना आधी चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि समोरच्याला पुरेसं अस्वस्थ करून मग म्हणत, "औरंगपुऱ्यापासून बिडकीनपर्यंत गुन्हा कुठंही घडो, वास पहिला या नाकाला येतो." नाक होतंही तसं भारदस्त. त्याला फक्त स्वतःच्या घरातलं करपणारं दूध कळत नसे. निवृत्तीआधी ते बसगाड्यांत तिकिटं तपासायचे. त्यामुळं जगातला प्रत्येक माणूस त्यांना मुळात विनातिकीटच वाटे. प्रश्न फक्त पकडण्याचा.

या थोर गुप्तहेराचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा सुदर्शन. औरंगपुऱ्यात त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. सहायकपद त्यानं मागितलं नव्हतं; पण त्याच्याकडं स्कूटर होती, आणि दाजींना स्कूटर चालवता येत नव्हती.

मे महिन्यातल्या एका सकाळी दाजींचा फोन आला.

"शटर ओढ. खून झालाय."

"कुणाचा?"

"हराळीचा."

सुदर्शननं मुकाट्यानं शटर ओढलं. त्याची बहीण, म्हणजे दाजींची बायको सुलेखा, खुलताबादला माहेरी गेली होती आणि दाजींना आवरायला घरात कुणीच नव्हतं.

बीड बायपासच्या मागं दाजींची कॉलनी. त्यांच्या घरामागं पाण्याची टाकी होती; तिच्या पलीकडं, जिकडं सहसा कुणी फिरकत नसे, निवृत्त शिक्षिका रत्नमालाबाईंनी भाजी लावली होती. तण खुरप्यानं काढायचं, वाफ्यात पालापाचोळा अंथरायचा, पण औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. बहिणीकडं नांदेडला तीन आठवडे राहून त्या परतल्या, तर चवळीच्या वाफ्याला लागून असलेली हराळी आणि गाजरगवत जळून खाक. तेही खाटेएवढ्या नेमक्या चौकोनात.

"कुणीतरी औषध मारलं," त्या म्हणाल्या. "माझी सून श्रेया पोटुशी आहे. रोज हीच भाजी खाते ती. विष असंल तर मी सगळं उपटून टाकणार."

सर्जेरावांनी वाळलेली काडी हुंगली. "विष. आणि विष म्हणजे कारभारी."

कॉलनीच्या बैठकीत "एकदा तणनाशक मारा अन् मोकळे व्हा" असं म्हणालेले रत्नमालाबाईंचे शेजारी कारभारी ते हेच. दोघं त्यांच्या दारात पोचले, तर कारभारी पाठीला फवारणीचा पंप लावून उभे.

"रंगेहाथ!" सर्जेराव गरजले. "पंपात काय?"

"पाणी. कूलरची मोटर जळाली. ताट्या भिजवून राहिलो."

"ताट्या कशाच्या?"

"गवताच्या."

"म्हणजे गवताशी संबंध कबूल! सुदर्शन, ध्यानात ठेव."

कारभारींनी उत्तरादाखल पंपाची नळी दाजींच्या चष्म्यावर सोडली. पाणी साधंच होतं. पण बातमी तोवर कॉलनीभर झाली होती. रत्नमालाबाईंनी कारभारींच्या दाराकडं बघणं सोडलं, आणि वर्षानुवर्षं दोन घरांत चाललेली वाटी-डब्याची ये-जा थांबली. कारभारी पायरीवर एकटेच बसलेले दिसले, तेव्हा सुदर्शनला लई वाईट वाटलं.

"दाजी, माणूस निर्दोष दिसतोय."

"निर्दोषच दिसणार. गुन्हेगार आहे तो." मग डोळे मिटून ते पुटपुटले, "पण चौकोन का? निसर्गात चौकोन नसतो. खाली काहीतरी पुरलंय. निजामाच्या काळातला हंडा! उष्णता धातूचीच."

सुदर्शननं खणलं. हंडा नाय, पाइप लागला आणि फुटला. त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी नव्हती, म्हणून बरं. नाहीतर कॉलनीनं दोघांनाही त्याच खड्ड्यात बुजवलं असतं.

"आता पाळत," सर्जेराव म्हणाले. "गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच."

दुसऱ्या दिवशी पाइप जोडून, खड्डा बुजवून ऐन दुपारी दोघं डोक्यावर ओले पंचे टाकून त्या चौकोनात बसले. घटकाभरात रत्नमालाबाई आल्या. दोघांकडं न बघता वाफ्यात वाकल्या आणि शेंगांनी लगडलेल्या चवळीच्या पहिल्याच वेलाला त्यांनी हात घातला. डोळ्यांत पाणी होतं. सुदर्शन थांबवायला उठला, पण थांबवणार काय सांगून?

इतक्यात टाकीमागून आवाज आला, "उठा तिथनं!"

सुलेखा. सकाळीच खुलताबादहून आलेली. काखेत गुंडाळी, डोक्यावर पातेलं.

"सुलेखा, इथं तपास चालू आहे!"

"तपास सावलीत करा. ऊन वाया चाललंय माझं."

तिनं प्लास्टिकचा जाड कागद झटकला आणि अंथरला. चारही कोपरे त्या वाळक्या चौकोनावर नेमके बसले. त्यावर तिनं जुनं लुगडं पसरलं, पातेलं खाली ठेवलं आणि सोऱ्यानं कुरडया घालायला लागली.

वेलावरचा रत्नमालाबाईंचा हात तसाच राहिला. "सुलेखा, हे कधीपासून?"

"तुम्ही नांदेडला गेल्यापासून. रोज दुपारी. कागद तर तिथंच पडून असायचा, माहेरी जाताना तेवढा उचलला. का वं, अडचण झाली व्हय?"

रत्नमालाबाईंनी कागदाचा कोपरा उचलून मातीला हात लावला आणि चटकन मागं घेतला. तेवढ्यातच माती तव्यासारखी तापली होती. आधी त्या हसल्या, मग मटकन वाफ्याच्या कडेलाच बसल्या. "उन्हानं भाजलं गं सगळं! अन् मी चवळी उपटायला निघाले होते. हराळीची मुळं खोल असतील, ती खुरप्यानं काढीन. पण बाकीचं काम तुझ्या कुरडयांनीच केलं."

"दाजी," सुदर्शननं हळूच विचारलं, "रोज दुपारी घरामागं एवढं चालायचं, तुम्हाला दिसलं नाय?"

"दुपारी मी विचार करत असतो."

"व्हय," सुलेखा म्हणाली. "त्या विचाराचं घोरणं गेटपर्यंत ऐकू येतं."

रत्नमालाबाईंनी ओंजळभर शेंगा तोडल्या आणि कारभारींच्या दाराशी गेल्या. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या. कारभारींनी शेंगा घेतल्या, आत गेले आणि वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत लोणचं होतं.

इकडं सर्जेराव चष्मा पुसत होते. "मला पहिल्यापासून कळलं होतं. गुन्हेगार घरचाच."

"मग करा अटक," सुलेखा म्हणाली आणि त्यांच्या हातात काठी अन् छत्री दिली. "पण आधी कावळे हाका."

संध्याकाळी सुदर्शन स्कूटर काढत होता, तेव्हा कॉलनीतल्या दोन-तीन बाया आपापल्या दारातलं तण दाखवून सुलेखाला कुरडयांचं आमंत्रण देत होत्या. सर्जेराव छत्रीखाली ताठ बसलेले. टाकीकडं आलेल्या कुणीतरी विचारलं, "काय साहेब, इथं काय करता?"

सर्जेरावांनी आवाज खाली आणला.

"पाळत ठेवतोय. टोळी मोठी आहे. वरून येते."